सुवर्णकमळांची यादी



कॉम्प्युटरवर बोलायचं नाही, असं मला आयोजकांनी आधीच बजावलंय. म्हणून गेली चार वर्षं घरी चाललेल्या एका उद्योगाबद्दल सांगते.

शाळेच्या हॉलमध्ये पडदा बांधून आपल्याला 'श्यामची आई' दाखवला होता, आठवतंय? मुली उघड रडत होत्या आणि मुलं उगाचच खोकत होती! आचार्य अत्र्यांचा १९५३ चा हा चित्रपट म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा देशातला पहिला. याच मानाला पुढे सुवर्णकमळ म्हणू लागले. तेव्हापासूनच्या सगळ्या मानकऱ्यांची यादी केली, तर ती सत्तरच्या आसपास जाते. ते सगळे बघायचे, असं मी ठरवलं. आजवर ४३ झाले.

क्रमाने बघायचा बेत होता, पण जुने चित्रपट हवे तेव्हा मिळत नाहीत. मिळाले तर सबटायटल्स इंग्रजी. आणि माझ्याबरोबर बघायला बसते माझी आई, वय वर्षं ७४. तिला इंग्रजी भराभर वाचता येत नाही. म्हणून मी थांबवत थांबवत मराठीत सांगते. दोन तासांच्या चित्रपटाला आमचे साडेतीन तास जातात, मध्ये एक चहा.

या यादीत मराठीची पाळी फार उशिरा येते. शांतारामबापूंच्या 'दो आँखे बारह हाथ'ला १९५७ चा मान मिळाला, पण तो हिंदी. 'श्यामची आई'नंतरचा मराठी मानकरी म्हणजे २००३ चा 'श्वास'. मध्ये ५० वर्षं गेली! पुढे मात्र 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' हे तिन्ही पाच-सहा वर्षांत आले. मधल्या काळात बंगाली, कन्नड, मल्याळम चित्रपटांचं राज्य. कन्नडमधल्या एकट्या गिरीश कासारवल्लींची सुवर्णकमळं चार.

त्यांच्या १९८६ च्या 'तबरन कथे'बद्दल मला सांगायचंय. तबर हा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला साधा माणूस. बायकोला मधुमेह, तिच्या पायाच्या उपचारासाठी पैसे हवेत आणि पेन्शन अडकलेलं. तो या टेबलावरून त्या टेबलाकडे फिरत राहतो. चारुहासन यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दहाव्या मिनिटाला मी पॉज केलं, तर आई म्हणाली, "थांबवू नकोस गं, मला कळतंय." कन्नडचा एक शब्द तिला येत नाही. पण समोरचा कारकून मान वर करायच्या आधीच ती पुटपुटायची, "आता हा उद्या या म्हणेल बघ."

चित्रपट संपल्यावर तिने कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. बाबा गेल्यानंतर फॅमिली पेन्शनसाठी केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या होत्या त्यात. ११ महिन्यांच्या. तेव्हा मी नोकरीसाठी परदेशात होते आणि फोनवर ती एवढंच म्हणायची, "होईल गं, तू काळजी करू नकोस." कुठल्या बाकावर बसायची, कुठल्या शिपायाने पाणी दिलं, हे सगळं तिने मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. एक वाजला आम्हाला.

तेव्हापासून यादीची घाई मला नाही आणि आहेही. नाही, कारण एका चित्रपटाला आता दोन रात्री लागल्या तरी चालतात. आहे, कारण अजून पंचवीसेक उरलेत आणि आईचे डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

तर आता तुमच्याकडे मागणं. आपल्यातले तिघं बंगळुरूला आहेत, एक जण कोलकात्याला. मला १९५८ चा देवकी बोस यांचा 'सागर संगमे' हवाय. गंगासागरच्या यात्रेला निघालेल्या वृद्ध विधवेची गोष्ट आहे, असं सांगितल्यापासून आई रोज विचारते. बघता येईल अशी प्रत मला अजून सापडलेली नाही. कोणाला मिळाली, तर ग्रुपवर टाकू नका, तिथे ती गुड मॉर्निंगांखाली गाडली जाईल. थेट फोन करा. आणि ज्याला बंगाली येतं, त्याने सरळ घरीच या. साडेतीन तास काढून या म्हणजे झालं. चहा आई करेल.