परतीच्या तिकिटाआधी आरोग्याचे कार्ड

(उम्म अल कुवैन येथील मराठी कुटुंबांच्या मासिक भजनानंतर एका सेवेकऱ्याने केलेले भाषण)

आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

आपल्यातले एक काका पंचवीस वर्षे इथे वर्कशॉपमध्ये राबून कोकणात परतले. चार महिन्यांत छातीत दुखू लागले. दवाखान्यात रेशनकार्ड मागितले, तर त्यावरचे नाव कधीच कमी झालेले. आधारवरचे नाव एक, पासपोर्टवरचे दुसरे. कागद जुळवायला वेळ नव्हता. ग्रॅच्युइटीचे पैसे भरून ऑपरेशन झाले. काका आज बरे आहेत, पण मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम गेली. "माझं झालं ते झालं, बाकीच्यांना सांग," असे ते फोनवर म्हणाले. म्हणून आज उभा आहे.

पहिली गोष्ट. इथला विमा इथेच राहतो. १ जानेवारी २०२५ पासून उम्म अल कुवैनमध्येही खासगी नोकरदारांचा आरोग्यविमा मालकाने काढणे सक्तीचे झाले. ही सोय चांगलीच आहे, पण ती नोकरीला आणि व्हिसाला बांधलेली आहे. गावी परतल्यावर तिचा आधार नाही.

मग गावी काय? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची समजली जाई. २०२३ च्या निर्णयाने ती पांढऱ्या कार्डवाल्यांसह सर्वांना खुली झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र लागते.

वयाची सत्तर वर्षे पूर्ण असतील, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सुरू झाले. उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही. वय आधारवरून धरतात. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील, तर पाच लाख दोघांत मिळून. आपल्यातल्या माजी सैनिकांनी लक्षात ठेवावे, की त्यांना ईसीएचएस किंवा हे कार्ड, यातले एकच निवडावे लागते.

या दोन्ही योजना मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरच्या आहेत. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खर्च त्यात धरू नका. उपचारही योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच. म्हणून निवड करताना आधी आपल्या तालुक्याजवळचे कोणते रुग्णालय कोणत्या योजनेत आहे ते पाहा. तिथे बसणारे आरोग्यमित्र विनामूल्य माहिती देतात. आयुष्मानसाठी भारतातून १४५५५ या क्रमांकावर विचारता येते.

खासगी पॉलिसी घ्यायची असेल, तर नोकरीत असतानाच घ्या. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. ती वर्षे इथे पगार चालू असताना सरलेली बरी. आणि शुगर असेल तर फॉर्मवर ती लिहा. एजंट "राहू दे" म्हणाला तरी लिहा. लपवलेला आजार नेमका क्लेमच्या वेळी बाहेर येतो.

पुढच्या सुट्टीत तीन कामे करा. रेशनकार्डावर आपले नाव आहे का ते पाहा. आधारवरचे नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी जुळवा. आणि घरात एका माणसाला सगळे कागद कुठे आहेत ते सांगून ठेवा.

आता विनंती. यासाठी पैशांची वर्गणी नको आहे, वेळेची हवी आहे. आपल्याकडे अनेकांना ऑनलाइन फॉर्म भरता येत नाहीत, इंग्रजी पॉलिसी वाचता येत नाही, आणि विचारायला संकोच वाटतो. ज्यांना हे जमते त्यांनी महिन्यातून एकदा, भजनानंतर तासभर थांबावे. आपल्या शेजारच्या एका काकांचे, एका मावशींचे कागद पाहावेत. कुणाचा ओटीपी मागू नये, कागद आपल्याकडे ठेवू नयेत, अमुकच कंपनी घ्या असे सांगू नये. फक्त सोबत बसावे.

आयुष्यभर घरच्यांसाठी राबलेल्या माणसाला म्हातारपणी दवाखान्याच्या दारात हात पसरावा लागू नये. एवढी सेवा आपण एकमेकांची करू या.

नाव द्यायचे असेल त्यांनी प्रसादाच्या टेबलाजवळच्या वहीत लिहावे.