आलेला निरोप पारखून घ्या



तुम्ही आता वाचू लागलात. एस.टी.ची पाटी वाचता, सातबारा वाचता, मोबाईलवर आलेला निरोपही वाचता. आम्हाला याचा फार आनंद वाटतो. पण अक्षर वाचता आले म्हणजे सारे साधले, असे नाही. लिहिलेले खरे की खोटे हे ओळखणे, ही पुढची पायरी आहे.

त्या पायरीवर आम्ही स्वतःच घसरलो होतो. ती गोष्ट आधी सांगतो.

२०१८ सालचा जून महिना. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक होतो. मोबाईलवर निरोप आला, "मुले पळवणारी टोळी आली आहे. मुलांना सांभाळा." आम्हाला वाटले, चार लोकांना सावध करावे. आम्ही तो गावात पन्नास जणांना पाठवला.

दोन दिवसांनी सुया-पोत विकणारी एक बाई गावात आली. दुपारी गलका झाला. बाहेर येऊन पाहतो तो काय! बाई शाळेच्या भिंतीला टेकून थरथर कापते आहे. भोवती माणसे. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात चप्पल.

"ही त्या टोळीतलीच!"

"कशावरून?" आम्ही विचारले.

एकाने मोबाईल पुढे धरला. "गुरुजी, तुम्हीच तर पाठवलंय!"

आमची मान खाली गेली. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "पण गुरुजी, मूल हरवलं कुणाचं?"

सगळे गप्प झाले. गावातले एकही मूल हरवले नव्हते. हातातल्या काठ्या खाली आल्या. बाईला आम्ही आत बसवले, पाणी दिले, आणि तिच्या पालापर्यंत पोचते केले.

ती वाचली. पण सगळीकडे असे झाले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली होती. गावोगाव हिंडून भिक्षा मागणारी ही माणसे. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना मारले. पाचही जण मेले. त्यांनी कुणाचेही मूल पळवले नव्हते.

कुणी म्हणेल, "आम्ही व्हिडिओ डोळ्यांनी पाहिला होता." त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. दोघे मोटारसायकलवर येतात, मूल उचलतात आणि निघून जातात. तो मुळात पाकिस्तानातल्या कराची शहरातला. आईबापांनी सावध राहावे म्हणून तो मुद्दाम तयार केलेला होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला! आता तर यंत्राने माणसाचा चेहरा आणि आवाजही हुबेहूब बनवता येतो.

आपण बाजारात मडके घेतो तेव्हा वाजवून घेतो. मग निरोप का वाजवून घेऊ नये? चार प्रश्न विचारायचे. हे कुणी लिहिले? कुठले आहे आणि केव्हाचे आहे? दुसऱ्या कुणी खातरजमा केली आहे का? आणि हे वाचून मला राग किंवा भीती का वाटावी, असा पाठवणाऱ्याचा हेतू आहे का?

आमचे म्हणणे असे, की हे प्रश्न प्रत्येक सरकारी शाळेत शिकवले पाहिजेत. एखाद्या गुरुजींच्या मर्जीवर नको, नेमाने शिकवावेत. केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८ साली सुमारे दीडशे सरकारी शाळांत असे वर्ग घेतले गेले. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२१ साली आणि न्यू जर्सी राज्याने २०२३ साली त्यासाठी कायदाच केला. फिनलंड देशात तर लहान वयापासून हे शिक्षण मिळते.

कुणी म्हणतील, गुरुजींना आधीच कामे थोडी आहेत का? खरे आहे. कामाचा बोजा आम्ही स्वतः वाहिला आहे. पण यासाठी आठवड्याचा एक तास पुरे. आणखी कुणी म्हणतील, गुरुजी मुलांच्या डोक्यात आपलीच मते भरतील. ही भीतीही खोटी नाही. म्हणून कोणता पक्ष चांगला, कोणता वाईट, हे शिकवायचेच नाही. फक्त प्रश्न विचारायला शिकवायचे. गुरुजींनाही तेच प्रश्न विचारण्याची मुलांना मुभा हवी. त्या दिवशी त्या मुलीने विचारलाच ना!

यात तुम्हालाही काम आहे. गावच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान पाऊण सभासद पालकच असतात आणि निम्म्या बायका असतात. पुढच्या सभेला जा. हा विषय मांडा. ठराव करून वर पाठवा. आणि तोवर घरी एवढे करा, की पारख झाल्याशिवाय निरोप पुढे पाठवू नका.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपले वाडवडील सांगत आले. आम्ही त्यात एवढीच भर घालतो, की मधे थोडे थांबावे आणि विचारावे, "मूल हरवलं कुणाचं?"