बालवाडीच्या साहित्याची पारख



घरातले मूल तीन वर्षांचे झाले, की पालकांची धावपळ सुरू होते. शाळेची इमारत, बस, गणवेश, शुल्क यांची चौकशी बारकाईने केली जाते. शाळेतून हाती पडलेली पुस्तके, तक्ते आणि खेळण्यांचा संच मात्र गुळगुळीत कागद आणि भडक रंग पाहूनच पसंत केला जातो. मेथीची जुडी उलटसुलट करून पाहणारे घर मुलाच्या पहिल्या शिक्षणसाहित्याची पारख करीत नाही, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

या पारखीची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या दोघांनी मारिया मॉन्टेसरी यांचे शास्त्र स्वीकारले, परंतु त्यांची महागडी साधने जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह तो कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांपर्यंत नेला. तेथे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच शिक्षणाचे साहित्य झाले. साहित्याचे मोल त्याच्या किमतीवर ठरत नाही, हे या मंडळींनी कृतीने सिद्ध केले.

मग मोल कशावर ठरते? पहिली कसोटी वयाची. मनगटात आठ छोटी हाडे असतात. तिसऱ्या वर्षी त्यांतील बरीचशी अजून कूर्चेच्याच रूपात असतात. अशा हातात पेन्सिल देऊन चार रेघांच्या वहीत अक्षरे गिरवून घेणे म्हणजे कोवळ्या रोपाला फळांसाठी हलवण्यासारखे आहे. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, पाणी ओतणे ही लेखनाचीच पूर्वतयारी होय. ज्या संचात गिरवण्याची पाने अधिक आणि हाताला काम कमी, तो संच या कसोटीवर उतरत नाही.

दुसरी कसोटी अशी, की साहित्य मुलाला स्वतःची चूक स्वतः उमजू देते का? मॉन्टेसरींच्या लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा दट्टे असतात. एक चुकीच्या खाचेत गेला, तर दुसऱ्या कुठल्यातरी दट्ट्याला जागा मिळत नाही आणि मूल स्वतःच पुन्हा जुळवू लागते. तेथे तांबड्या शाईची फुली नसते, म्हणून भीतीही नसते. चिंचोके, वाट्या आणि झाकणे यांतूनही घरोघरी असे साहित्य तयार होऊ शकते.

तिसरी कसोटी भाषेची आणि परिसराची. सांगलीच्या मुलाला हिमवर्षावाचे गाणे पाठ येते, पण अंगणातल्या चिमणीचे, पहिल्या पावसाचे, आजीच्या जात्याचे गाणे येत नसेल, तर त्या पाठांतरात अर्थ कोठून येणार? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेचा आग्रह धरला आहे. त्याला अनुसरून ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी नेमलेले पाठ्यपुस्तकच नसावे, असे स्पष्टपणे म्हटले आहे. या वयात परीक्षाही त्याने अयोग्य ठरवली आहे. तरीही शिशुवर्गाच्या दप्तरातून पाच-सहा पुस्तके निघत असतील, तर पालकांनी त्याचे कारण अवश्य विचारावे.

येथे एक सावधगिरी आपल्या माणसांनीही बाळगली पाहिजे. मुखपृष्ठावर गणपती किंवा शिवराय आहेत, एवढ्यावर ते साहित्य संस्कारक्षम ठरत नाही. आत तीच घोकंपट्टी असेल, श्लोकही अर्थाविना, छडीच्या धाकाने पाठ करून घेतले जात असतील, तर तो संस्कार नव्हे, संस्काराचे वेष्टन आहे. याच आराखड्याने तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांचा आधार घेतला आहे. त्यात अन्नमयापासून आनंदमयापर्यंतचा विचार आहे. मुलाच्या शरीराला धावू न देणारे आणि मनाला आनंद न देणारे साहित्य त्या विचाराशी विसंगतच ठरते. तसेच चित्रांत आई सदैव चुलीपाशी आणि बाबा सदैव खुर्चीत असतील, वनवासी मूल कुठे दिसतच नसेल, तर तो दोषही दोषच मानला पाहिजे.

चौथी कसोटी शिक्षिकेची. उत्तम संचही कपाटात कुलूपबंद राहिला, तर व्यर्थच. त्याबरोबर शिक्षिकेसाठी सुबोध मार्गदर्शिका आहे का, एक वस्तू पाच प्रकारे कशी वापरावी हे तीत सांगितले आहे का, मुलांच्या निरीक्षणाची नोंद कशी ठेवावी याचा विचार आहे का, हे पाहावे. लहान तुकडा गिळला जाण्याचा धोका, टोकदार कडा, उडणारा रंग यांची तपासणी तर सर्वांत आधी व्हावी.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांपूर्वी होतो. शाळा म्हणजे भीती, की शाळा म्हणजे कुतूहल, हेही याच काळात मनात रुजते. पहिल्याच पायरीवर जे मूल 'मला येत नाही' असे म्हणायला शिकते, त्याच्या मनातून ते वाक्य पुसून काढणे पुढे अतिशय कठीण जाते.

म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी अर्धा तास वर्गात बसण्याची परवानगी मागावी आणि मुलांचे हात काय करीत आहेत ते पाहावे. सेवावस्तीत बालवाडी चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी नव्या संचासाठी देणगी गोळा करण्याआधी वस्तीतल्या आयाबायांना एकत्र बसवावे, त्यांची गाणी, गोष्टी, खेळ लिहून घ्यावेत आणि चिंध्यांच्या बाहुल्या त्यांच्याच हातून करवून घ्याव्यात. त्यातून वस्तीतली बालवाडी वस्तीची होईल आणि मूल तेथे हसत येईल.