टाकीची वही



दुधाचा खाडा कॅलेंडरवर लिहायचा, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलं नाही. सिलिंडर कधी लावला, म्हैस कधी फळवली, बाळाच्या पुढच्या डोसाची तारीख कोणती, हे सगळं भिंतीवरच्या त्या चौकोनांत असतं. गटात आल्यावर तर वह्यांशी आपलं नातंच जडलं. पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र म्हणजे दप्तर अद्ययावत ठेवणं. म्हणून माशांच्या टाकीची वही ठेवा असं आम्ही सांगतो, तेव्हा नवं काही सांगत नाही. फक्त त्या वहीत काय लिहायचं आणि काय नाही, एवढंच आज बोलायचं आहे.

आमचा गट अकरा जणींचा. सहा जणींच्या घरी काचेच्या टाक्या आहेत, परसात दोन सिमेंटचे हौद आहेत. त्यांत गप्पी आणि मोली. गप्पी मासा आपल्याला नवा नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभागाची माणसं हौदात सोडतात तोच हा. रंगीत शेपटीचा गप्पी दुकानात मिळतो, त्याचीही जात तीच, फक्त निवडून निवडून रंग वाढवलेला. गप्पी आणि मोली आम्ही ठरवून घेतले, कारण आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आणि या दोघांना जड पाणी मानवतं. शिवाय तालुक्याच्या गावातल्या नऊ टाक्या आम्ही महिन्याच्या बोलीवर साफ करून देतो. दवाखाने, दोन दुकानं, काही शिक्षकांची घरं. या नऊ टाक्यांमुळे वहीची खरी किंमत कळली. ते पुढे सांगते.

आधी पहिलं पान. त्यावर टाकीत खरं पाणी किती आहे ते लिहायचं. दुकानदार सांगतो, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे छप्पन्न लिटर. हिशोब बरोबर आहे, पण टाकी रिकामी असतानाचा. खाली दोन इंच वाळू, वर दोन इंच मोकळी जागा सोडली की पाणी राहतं अडतीस लिटरच्या आसपास. आता बाटलीवर लिहिलेलं औषध छप्पन्न लिटरच्या हिशोबाने ओतलं, तर ते जवळजवळ दीडपट होतं. माशाचा जीव केवढा, आणि दीडपट औषध! म्हणून पहिल्यांदा टाकी भरताना दहा लिटरच्या बादलीने मोजून भरायची आणि तो आकडा लाल पेनने पहिल्या पानावर. त्याच पानावर मासे कुठून आणले, किती आणि कोणत्या तारखेला, पाणी नळाचं की बोअरचं, हेही येतं.

रोज काय लिहायचं? फार नाही. वीस रकाने आखलेली वही आठ दिवसांत बंद पडते, हे आम्ही बचतीच्या वह्यांतही पाहिलं आहे. सकाळी पाण्याचं तापमान, खाणं घातलं का, कुणी मासा वेगळा वागतोय का, बस. लाइट किती तास नव्हती तेही लिहावं, कारण हवेचा पंप बंद पडला की पाण्यात प्राणवायू कमी होत जातो आणि फिल्टरमधले चांगले जिवाणूही मरायला लागतात.

खाण्याच्या रकान्यात आम्ही एक बदल केला, तो फार उपयोगी पडला. ‘खाणं किती’ याच्या शेजारी ‘कुणी घातलं’ असं लिहायला लागलो. एका घरी सकाळी सासूबाई देवपूजा झाली की चिमूटभर टाकायच्या, शाळेतून आल्यावर नात टाकायची, आणि रात्री दादा जेवण झाल्यावर टाकीसमोर उभे राहून पुन्हा टाकायचे. प्रत्येकाला वाटायचं, मासे उपाशी आहेत. मासे काय, माणूस दिसला की काचेला चिकटतातच! दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं पुरतं. उरलेलं तळाशी कुजतं आणि पाणी बिघडवतं.

पाणी बिघडणं म्हणजे काय, ते विरजणावरून पटकन समजतं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा. फिल्टरच्या स्पंजात, वाळूत एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे जिवाणू म्हणजे टाकीचं विरजण. फरक इतकाच की दही रात्रीत लागतं आणि इथे चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरतात ते बहुतेक वेळा यामुळे. लोक म्हणतात नजर लागली.

म्हणून नव्या टाकीत पहिले दीड महिने वही नीट ठेवावी. थेंबांचा तपासणी संच मिळतो, तो गटात एकच घेतला तरी चालतो, आळीपाळीने वापरता येतो. दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट बघून आकडा लिहायचा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, शेवटी दोन्ही शून्यावर येतात. ही चढउतार वहीत दिसली की टाकी लागली असं समजायचं. तोवर मासे थोडेच ठेवायचे आणि आकडा वाढला की थोडं पाणी बदलायचं. आपलं जड पाणी बहुधा अल्कलीकडे झुकलेलं असतं, आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त बाधतो, उन्हाळ्यात आणखी जास्त. हेही ध्यानात असू द्या.

टाकी लागल्यावर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणं पुरतं. अडतीस लिटरची टाकी असेल तर एक बादली. सगळं पाणी काढून, वाळू घासून, स्पंज नळाखाली धुऊन टाकी ‘लख्ख’ करायची हौस असते, ती आवरा. विरजणाचं भांडंच घासून ठेवल्यासारखं होतं ते. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नुसता दाबून.

आता ती दवाखान्याची गोष्ट. एका दवाखान्यातून फोन आला. चौदा मासे एका रात्रीत गेले, तुमचे मासे रोगट होते, पैसे परत करा, आणि उद्यापासून येऊ नका. आमच्या दोघी जणी वही घेऊन गेल्या. वहीत होतं की हे मासे आमच्याकडे एकवीस दिवस वेगळ्या टाकीत होते, त्यात एकही मेला नाही, औषध द्यावं लागलं नाही. आठ दिवसांपूर्वी आम्ही पाणी बदललं, तेव्हा अमोनिया शून्य. मग आमच्या ताईंनी शांतपणे विचारलं, काल टाकीत काही केलं का? तेव्हा कळलं, पाणी थोडं खाली गेलं होतं म्हणून मदतनीसाने नळाचं ताजं पाणी तीन बादल्या ओतलं होतं. आदल्या दिवशी गावात पाण्यात टीसीएल जास्त टाकलं होतं, त्याचा वास घरोघरी येत होता. टीसीएलमधल्या क्लोरिनने माशांचे कल्ले जळतात. नळाचं पाणी पसरट भांड्यात चोवीस तास उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं, किंवा दुकानात मिळणारे क्लोरिन मारायचे थेंब घालायचे, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी वही स्वतः चाळली. पैसे परत मागितले नाहीत, काम चालू राहिलं. महिन्याचं ते काम गेलं असतं तर दोन घरांचा किराणा अडला असता. आणि त्या गावात एकदा ‘यांचे मासे मरतात’ अशी बोंब झाली की बाकीच्या आठ टाक्या काही फार दिवस टिकल्या नसत्या. त्यानंतर प्रत्येक टाकीशेजारी आम्ही एक पुठ्ठ्याचं कार्ड लावलं. आमच्यामागे टाकीत कुणी पाणी घातलं, खाणं घातलं, तर तारीख टाकून लिहायचं.

दुसरा वाद घरातला, तो बऱ्याच जणींच्या ओळखीचा असेल. लाइट बिल वाढलं की बोट टाकीकडे. आमच्या एका वहिनींना घरचे म्हणाले, हौस बंद करा, मासे बिल खातात. वहिनींनी वहीतून हिशोब मांडला. हवेचा पंप पाच वॅटचा, दिवसरात्र चालतो, महिन्याला साडेतीन युनिटच्या वर थोडं. दिवा दहा वॅटचा, आठ तास, महिन्याला अडीच युनिटच्या आत. दोन्ही मिळून सहा युनिट. हिवाळ्यात पन्नास वॅटचा हीटर रात्री दहा तास धरला तर रोज अर्धं युनिट, महिन्याचे पंधरा. तेही थंडीपुरते. त्याच महिन्यात वहिनींनी किती गप्पी विकले ते शेजारच्याच पानावर होतं. टाकी घरात राहिली. वहिनींचा आवाजही जरा चढा झाला, असं सासूबाई आम्हाला हसत हसत सांगतात.

हीटरचा विषय निघालाच आहे तर सांगते. या माशांना चोवीस ते अठ्ठावीस अंश तापमान बरं. एकदम थंडी पडली की अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके येतात. हा परजीवी आहे. गंमत अशी की ठिपक्यात असतो तोवर औषध त्याला पोचत नाही, तो सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले म्हणजे काम झालं असं नाही, नंतरही काही दिवस उपचार चालू ठेवावा लागतो, आणि पाणी थंड असेल तर जास्तच दिवस. पहिला ठिपका कधी दिसला, औषध कोणत्या दिवशी, किती, पाणी किती बदललं हे लिहिलेलं नसेल, तर चौथ्या दिवशी घरात तीन जणींची तीन मतं असतात.

गप्पीच्या बाळंतपणाची नोंद मात्र आम्ही फार आवडीने ठेवतो. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, अंडी नाही. आणि स्वतःची पिल्लं स्वतःच खाते. मागची तारीख वहीत असली की पंचविसाव्या दिवशी तिला दाट झाडं असलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवता येतं. आणखी एक, नर एकदा भेटला की मादी ते बीज साठवते, आणि नर नसतानाही पुढची काही वेतं देते. त्यामुळे नुकतीच आणलेली मादी लाल नराजवळ ठेवली म्हणून पिल्लं लालच निघतील असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

जास्त झालेले मासे ओढ्यात, विहिरीत, तळ्यात सोडायचे नाहीत, तिथल्या माशांच्या पोटावर पाय येतो. दुसऱ्या गटाला द्या, आणि दिले तर ‘दिले’ असं लिहा.

आमच्या गटात तिघींना लिहिता येत नाही. त्यांनी आपल्या खुणा केल्या आहेत. खाणं म्हणजे ठिपका, पाणी बदललं की रांगोळीतली लाट, औषध म्हणजे पान, मासा गेला की फुली. महिनाअखेरीस बैठकीत त्या स्वतः वाचून दाखवतात, आणि सचिव आकडे मोठ्या वहीत उतरवते. त्यांच्या वह्या आमच्याहून नियमित आहेत.

ज्यांना हे परसात मोठं करायचं असेल त्यांच्यासाठी एक माहिती. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपये प्रकल्प खर्च धरलेला होता, आणि त्यात महिलांना ६० टक्के अनुदान. सध्या काय नियम आहेत ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. जाताना वही बरोबर न्या. किती पिल्लं झाली, किती जगली, किती विकली, हे विचारलं की तोंडी सांगण्यापेक्षा पान उघडून पुढे ठेवलेलं बरं पडतं.

वही शंभर पानी साधी चालते. तिला प्लॅस्टिकचं कव्हर घालून टाकीशेजारी खिळ्याला टांगा, आणि दोऱ्याने पेन्सिल बांधा. रोजच्या नोंदीला पेन नको, ओला हात लागला की शाई पसरते आणि मागचा सगळा महिना निळा होतो.