पुरलेले कागद, उघडी आडनावे



पोलंडमध्ये रोमुआल्ड वाश्किनेल नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते. 1966 मध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढे लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकवू लागले. 1978 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्यांच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना एक गोष्ट सांगितली. मी तुझी जन्मदाती नव्हे. तुझे खरे आईबाप ज्यू होते आणि 1943 मध्ये, नाझींच्या हाती लागण्याआधी, त्यांनी तान्ह्या बाळाला आमच्या ओटीत टाकलं. जन्मदात्या वडिलांचं नाव याकूब व्हेक्सलर, हे त्यांना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. मग त्यांनी ते नाव आपल्या नावात गुंफून घेतलं. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि अखेरीस ते इस्रायलला राहायला गेले.

ही गोष्ट एकट्यादुकट्याची नाही. 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली आणि पोलंडमध्ये घरोघरी अशा गोष्टी बाहेर येऊ लागल्या. कुठे आजीनं आजारपणात सांगितलं, कुठे ट्रंकेत जुना दाखला सापडला. महायुद्धाआधी त्या देशात सुमारे 33 लाख ज्यू होते, म्हणजे दर दहा माणसांत एक. त्यांतले जवळजवळ 30 लाख मारले गेले. जे उरले त्यांनाही स्वस्थता मिळाली नाही. 4 जुलै 1946 रोजी कील्त्से शहरात जमावानं 40 हून अधिक ज्यूंना ठार केलं. युद्ध संपून तेव्हा वर्ष उलटलं होतं, हे लक्षात घ्या. मग 1968 साली सरकारनंच ज्यूंविरुद्ध मोहीम उघडली, नोकऱ्यांवरून काढलं आणि 13 हजारांच्या आसपास लोक देश सोडून गेले. वॉर्साच्या ग्दान्स्की स्टेशनवर त्यांनी गाडी पकडली तेव्हा हातात जो कागद होता, त्यावर एवढंच लिहिलेलं होतं की हा इसम पोलंडचा नागरिक नाही. इतकं सोसल्यावर मागे राहिलेल्यांनी नाव बदललं, मुलांना चर्चमध्ये नेलं आणि तोंड मिटून घेतलं, तर त्यात नवल ते काय?

आता आपण अलिबागला जाऊ.

अलिबाग तालुक्यात असं गुपित ठेवणं कुणालाच जमलं नसतं, कारण तिथल्या ज्यूंचं ज्यूपण त्यांच्या नावातच होतं. नाव सॅम्युएल, आडनाव दिवेकर. नाव अब्राहम, आडनाव पेणकर. रोहेकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर, किहीमकर: कोकणातलं गाव घ्या आणि पुढे ‘कर’ लावा. ‘बूटपॉलिश’ चित्रपटातले जॉन चाचा आठवतात? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हे सगळे बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांनी तेलघाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. परंपरेतली दुसरी कथा मला जास्त आवडते. डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. हे लोक खरेच आपले का, हे पाहायला त्यानं बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली. ज्या माशांना पर आणि खवले नव्हते ते त्यांनी बाजूला काढले, ते आम्ही खात नाही म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. परीक्षा घ्यायची ती कोकणात, आणि तीही मासळीवर! या कथेचा कर्ता कोकणातलाच असणार, याबद्दल मला शंका नाही.

सणांची नावं ऐका. रोश हशाना हा नव्याचा सण. योम किप्पूर हा दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून उपास धरायचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास वालाच्या बिरड्यानं सोडायचा, म्हणून तो बिरड्याचा सण. आणि पुरीम, म्हणजे राणी एस्तेरनं आपल्या माणसांना मरणातून वाचवलं तो दिवस, तो येतो फाल्गुनाच्या सुमारास. म्हणून त्याचं नाव पडलं होळीचा सण. काठी गावच्या होळीला रात्रभर जागणाऱ्या आपल्या सातपुड्यातल्या श्रोत्यांना यात काही वेगळं सांगायला नको. एलियाहू हन्नाबी हा त्यांचा संकटात धावून येणारा पैगंबर. त्याचा नवस फेडायचा तो मलिद्यानं: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. अलिबागजवळच्या खंडाळा गावात एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, असं ते मानतात.

1874 साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाप्रेसवर वल्हांडण (पेसाह) सणाची पोथी छापली गेली. हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी. तिच्या चित्रांत बेखमिरी भाकऱ्या लाटणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत बेने इस्रायलांनी हरिदासांची कीर्तनं ऐकली आणि स्वतःची कीर्तनं रचली. मोशे, योसेफ, एलियाहू यांची आख्यानं, पण साकी, दिंडी, ओवीत. अलीकडे ॲना शुल्ट्झ या अमेरिकन संगीत-अभ्यासक बाईंनी त्या कीर्तनांचा कसून अभ्यास केला. मराठी कीर्तनाच्या आपल्या इतिहासात मात्र हा अध्याय क्वचितच सापडतो.

शेजाऱ्यांनी कोकणातल्या ज्यूंना त्रास दिला नाही, हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरं आहे. पण म्हणून सगळं गोडच होतं असं नाही. त्यांच्यातच गोरे आणि काळे असा भेद होता, आणि तो आपल्याकडच्या हवेनंच लागला असणार. मुंबईच्या बगदादी ज्यूंनी त्यांना आपल्या बरोबरीचं मानायला खळखळ केली. मोठा घाव तर इस्रायलमध्ये बसला. गेलेल्यांच्या लग्नाच्या वेळी तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या वंशाची चौकशी करा असा हुकूम काढला. त्याविरुद्ध बेने इस्रायलांनी निदर्शनं केली, उपोषणं केली, आणि 1964 साली तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. नवगावच्या कोळ्यानं जे कधी विचारलं नाही, ते तिथे आपल्याच माणसांनी विचारलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पोलंडमध्ये आज स्वतःला ज्यू म्हणवणारे फार थोडे आहेत. पण त्यांच्या वारशासाठी उभ्या राहिलेल्या संस्था पाहा. वॉर्सात, जिथे ज्यूंना कोंडून ठेवलं होतं त्या वस्तीच्या जागी ‘पोलिन’ हे भव्य संग्रहालय आहे. 2014 मध्ये त्याचं मुख्य दालन खुलं झालं. ग्वोझ्द्येत्स गावच्या लाकडी सिनेगॉगचं रंगवलेलं छत त्यात पुन्हा उभारलंय, आणि ते देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी जुन्या सुतारकामाच्या पद्धतीनं केलंय. क्राकूवमध्ये 1988 पासून ज्यू संस्कृतीचा महोत्सव भरतो. तो सुरू करणारे दोघेही ज्यू नव्हते. 2000 साली यान ग्रॉस यांनी ‘शेजारी’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. येद्वाब्ने गावातल्या ज्यूंना 1941 साली त्यांच्याच पोलिश शेजाऱ्यांनी मारलं, हे त्यात होतं. देश हादरला. पुढल्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांनी त्या गावी जाऊन क्षमा मागितली. 2018 साली मात्र नाझींच्या गुन्ह्यांचा दोष पोलिश राष्ट्राला देणाऱ्याला तुरुंगात टाकण्याचा कायदा झाला. जगभरातून ओरड झाली आणि काही महिन्यांत त्यातली तुरुंगाची शिक्षा काढावी लागली. भांडण चालू आहे, आणि मला ते बरं वाटतं. ज्या गोष्टीवर माणसं भांडतात, ती गोष्ट कुठेतरी लिहून ठेवली जाते.

लिहून ठेवण्याची ही जिद्द पोलंडच्या ज्यूंमध्ये विलक्षण होती. वॉर्साच्या कोंडवाड्यात इमॅन्युएल रिंगेलब्लूम नावाच्या इतिहासकारानं मित्रमंडळी जमवून गुपचूप दप्तर गोळा केलं. रेशनकार्डं, पोरांचे निबंध, भिंतीवरच्या नोटिसा, उपासमारीच्या नोंदी. शेवट दिसू लागला तेव्हा हे सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. 1946 आणि 1950 मध्ये त्यातला बराच भाग हाती लागला. रिंगेलब्लूम तोवर मारला गेला होता.

आणि आता एक योगायोग. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. हेच ते गृहस्थ, ज्यांनी 1875 साली मुंबईत ज्यू मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. किहीमकर वारले, हस्तलिखित पडून राहिलं. ते छापलं गेलं 1937 मध्ये, चाळीस वर्षांनी, आणि तेही तेल अवीवमध्ये. संपादन केलं इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी. हे ओल्सवांगर आजच्या पोलंडमधल्या ग्रायेवो गावी जन्मलेले. यिडिश भाषेतले विनोद आणि लोककथा गोळा करण्याचा त्यांना नाद. 1936 साली ते हिंदुस्थानात आले, गांधीजींना भेटले. पुढे त्यांनी भगवद्गीता हिब्रूत नेली. कोकणच्या इतिहासाचं बाड पुस्तक झालं ते अशा माणसाच्या हातून. मुंबई-पुण्यात छापखान्यांची तेव्हा काही वाण नव्हती.

वॉर्साच्याच मॉरिस फ्रिडमनचं नावही इथे घ्यायला हवं. हा ज्यू घराण्यातला इंजिनिअर. बंगळुरात कारखाना चालवायला आला आणि औंध संस्थानात गुंतला. 1939 साली औंधच्या राजानं राज्य प्रजेच्या हाती सोपवलं, त्या घटनेमागे फ्रिडमनचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत निघाली, तीही त्याच्याच कल्पनेतून. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तिथली. उतारवयात तो मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांपाशी बसे. महाराज मराठीत बोलत. फ्रिडमननं ते ध्वनिफितींवरून इंग्रजीत उतरवलं, 1973 मध्ये ग्रंथ निघाला आणि महाराज जगाला माहीत झाले. गिरगावातल्या एका विडीवाल्याचं बोलणं टिपून घ्यायला वॉर्साचा माणूस यावा लागला. (कोल्हापूरच्या वळिवडे छावणीतल्या पोलिश निर्वासितांशी या गोष्टीची गल्लत करू नका. 1943 ते 48 मध्ये तिथे राहिलेले ते सुमारे 5 हजार लोक बहुतांशी कॅथलिक होते, आणि रशियानं सैबेरियाकडे हाकललेले होते.)

माझं म्हणणं असं की, पोलंडमध्ये जे भीतीपोटी लपवलं गेलं ते शोधायला माणसं आणि पैसा उभा राहिला. कोकणात कुणी काही लपवलं नाही, म्हणून किहीमकरांसारखे एखादे सोडले तर कुणाला ते नोंदवून ठेवण्याची निकडही वाटली नाही. जे रोज डोळ्यांपुढे असतं त्याची वही कोण घालणार? 1948 च्या सुमारास बेने इस्रायल सुमारे 20 हजार होते. आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार, बहुतेक मुंबई, ठाणे आणि रायगडात. 2016 साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे विवाहनोंदणी, शिष्यवृत्ती असे व्यवहार सोपे होतील. पण बिरड्याच्या सणाला म्हटलेली गाणी, मलिद्याच्या ताटाभोवतीचं बोलणं, रोह्याच्या आणि पेणच्या तेलाच्या हिशेबवह्या, यांसाठी महाराष्ट्रात ‘पोलिन’सारखी इमारत नाही. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं, यातच काय ते आलं.

आपल्या सातपुड्यात या विषयाचं काय काम, असं कुणी विचारील. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांतल्या मणिबेलीची माणसं आज कुठे आहेत ते आपल्याला माहीत आहे. तळोदा, शहाद्याच्या वसाहतींत वाढणाऱ्या पोरांना नदीकाठच्या शेताची, देवाच्या जागेची, डोंगराच्या टोकाची नावं किती येतात, हे त्यांच्या आजोबांना विचारून पाहा. ती नावं टिपून ठेवायला वही आणि मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. त्यासाठी वॉर्साहून कुणी येण्याची वाट पाहायला नको.

आणि अलिबागला गेलात तर समुद्र पाहून परतू नका. इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे. प्रार्थनास्थळ 1848 पासूनचं, आजची इमारत 1910 ची. नवगावला जुनं कबरस्तान आणि स्मारक आहे. रेवदंडा, पेण, पनवेल इथेही सिनेगॉगं आहेत. जाताना शनिवार टाळा, तो त्यांचा शब्बाथ. आत जाण्याआधी पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, रुमाल चालतो. तिथल्या माणसांशी मराठीतच बोला.