मुशीत टाकण्याआधी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



रौप्यमहोत्सव आहे, तेव्हा तुम्ही चांदीवरच बोला, असा कमिटीचा आग्रह झाला. मला भाषण येत नाही. चांदी मात्र या हातांतून पुष्कळ गेली. साताऱ्यात राहायला आलो तरी मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, विट्याकडचा गलाईवाला. आमच्या खानापूर-आटपाडीची आणि इकडच्या माण-खटावची पोरं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. मी सोळाव्या वर्षी कलकत्त्याला गेलो.

एकदा दुकानात एक म्हातारी बाई चांदीचा इंग्रजी मग घेऊन आली. एका बाजूला कान, वजन पाव किलोच्या आसपास. पोटावर नाव कोरलेलं, बुडाशी चार-पाच बारीक शिक्के. मी कसोटीवर घासून बघितला, कस चांगला निघाला. मुशीत टाकला, टाकणखार घातला, भट्टी पेटवली. थोड्या वेळात लगडी तयार!

ते शिक्के काय सांगतात, हे पुढं एका जुन्या सराफानं मला शिकवलं. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा. एक अक्षर असतं, त्यावरून साल कळतं. राजाचं किंवा राणीचं डोकं असेल तर माल बहुधा १७८४ ते १८९० मधला, कर भरलेला. आणि ते नाव? इंग्रज लोक बाळाच्या नामकरणाला असा मग देत, जशी आपण बारशाला वाटी देतो. म्हणजे मी कुणाच्या तरी बारशाची आठवण गाळून टाकली होती.

मी कुणाला नावं ठेवत नाही. आपल्या सोसायटीच्या पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडले, तेव्हा आईचे तोडे मी स्वतःच मुशीत टाकले. तिनंच काढून दिले होते. पण ते कुणी घडवले, तिला कुणी घातले, हे मी विचारलंसुद्धा नाही. आता सांगायला आई नाही.

म्हणून एकच विनंती. अडचणीला चांदी मोडावी लागते, त्यात कमीपणा नाही. पण आधी भांडं उलटं करून बघा. नाव-शिक्का असला तर फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि पावडरीनं खसाखसा घासू नका, शिक्के झिजतात.

कमिटीनं आज दिलेलं चांदीचं नाणं तरी सुवर्णमहोत्सवापर्यंत मोडू नका!

जय हिंद, जय महाराष्ट्र.