एकच प्रवेश, दोन घड्याळे

(पीथमपूर येथे मराठी भाषक ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता केवळ संगणक-तंत्रज्ञांचा वाटेल. अनेक शासकीय सेवा एकाच संगणक-प्रवेशद्वारातून मिळू लागल्या, म्हणजे त्या द्वारावर ओळख कशी तपासावी आणि एकदा पटलेली ओळख किती वेळ ग्राह्य धरावी, हा तो विषय आहे. दाखला, शिष्यवृत्ती किंवा शिधापत्रिका यांसाठी सेवाकेंद्रात रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध येतो.

धार जिल्ह्यातील हे पीथमपूर कारखान्यांचे गाव आहे. येथील माल लोखंडी कंटेनरांत भरून बंदराकडे रवाना होतो. आत काहीही असो, पेटीचा आकार ठरलेला असल्यामुळे ती मालमोटारीवर, रेल्वेवर किंवा जहाजावर सारखीच बसते. हीच कल्पना संगणकशास्त्राने उचलली. एखादी सेवा चालविण्यास लागणारी सर्व सामग्री एका बंद पेटीत घालावयाची, म्हणजे ती कोणत्याही यंत्रावर सारखीच चालते. २०१३ मध्ये ‘डॉकर’ या साधनाने ही पद्धत लोकप्रिय केली. अशा शेकडो पेट्यांची देखरेख करणारी ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये जाहीर केली. कुबरनेटीस या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा असा आहे. अशा पेट्या ज्या यंत्रांवर मिळून चालतात, त्या यंत्रांच्या समूहास ‘क्लस्टर’ म्हणतात.

कारखान्याच्या आवारात अनेक शेड असतात, परंतु बाहेरून येणाऱ्यासाठी मुख्य फाटक एकच असते. तद्वतच क्लस्टरलाही एक फाटक असते. त्याला ‘गेटवे’ म्हणतात. बाहेरून येणारी प्रत्येक मागणी तेथे थांबते, तपासली जाते आणि मगच योग्य त्या सेवेकडे पाठविली जाते. एकदाच ओळख पटवून अनेक सेवांचा लाभ घेण्याच्या सोयीस ‘सिंगल साइन-ऑन’ असे नाव आहे. आपल्या देशात डिजिलॉकर, ई-प्रमाण व जन परिचय या तीन व्यवस्थांना एकत्र आणणारी ‘मेरी पहचान’ ही योजना जुलै २०२२ मध्ये सुरू झाली, ती याच प्रकारची होय.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. पास देणारे कार्यालय निराळे आणि फाटकावरील पहारेकरी निराळा, अशी ही रचना आहे. नागरिकाचा परवलीचा शब्द किंवा भ्रमणध्वनीवर आलेला अंक ओळख देणारी यंत्रणा तपासते. तिने दिलेला पास पाहून फाटक आपली स्वतःची एक खूण नागरिकाच्या संगणकात ठेवते. या खुणेस ‘कुकी’ म्हणतात. पुढे प्रत्येक वेळी तीच खूण दाखविली जाते. अशा रीतीने दोन ठिकाणी दोन घड्याळे सुरू होतात आणि ती एकमेकांशी जुळलेली असतीलच असे नाही.

याचे उदाहरण घेऊ. ओळख देण्याच्या कामी ‘कीक्लोक’ ही प्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तिच्यात मुळातच ठरवून ठेवलेली मुदत अशी आहे की, तीस मिनिटे काही हालचाल झाली नाही तर प्रवेश संपतो, आणि काहीही झाले तरी दहा तासांनी संपतो. फाटकाजवळ तपासणीसाठी बसविले जाणारे ‘ओऑथ-टू-प्रॉक्सी’ हे साधनही सर्वत्र परिचित आहे. त्याच्या खुणेची मूळ मुदत १६८ तास, म्हणजे पूर्ण सात दिवस आहे. मधूनमधून पास देणाऱ्या कार्यालयाकडे फेरतपासणी करण्याची सोय त्यात आहे, परंतु ती मुळात बंद असते. म्हणजे कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे नागरिक अर्ध्या तासात बाहेर पडला, तरी फाटकाचा पहारेकरी त्याला आठवडाभर आत सोडीत राहतो.

ज्याचा संगणक घरी एकट्याच्या वापरात आहे, त्याचे यामुळे फारसे बिघडत नाही. परंतु सेवाकेंद्रातील एकाच संगणकावर दिवसभरात अनेक माणसे येऊन जातात. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायदा करून ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला. तो हक्क बजावण्यासाठी पाळी सुटल्यावर आलेला एखादा कामगार जातीचा दाखला काढतो, घाईने पटल बंद करतो आणि घरी जातो. केंद्राच्या संगणकात त्याची खूण जिवंत राहिली, तर नंतर तेथे बसणाऱ्याच्या हाती त्याचे नाव, पत्ता, बँक-खाते आणि कुटुंबाची माहिती आयती पडते. त्याच्या नावाने अर्जही करता येतो. यात कोणी कुलूप फोडलेले नसते. दार उघडेच राहिलेले असते.

यावर मुदत अगदी पाच मिनिटांची करावी, असे कोणी सुचवील. परंतु तेही हिताचे नाही. एखादे शिक्षक चाळीस विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीची माहिती भरीत असता मध्येच बाहेर फेकले गेले, तर त्यांचे श्रम वाया जातात, आणि मग परवलीचा शब्द कागदावर लिहून भिंतीला चिकटविण्याची सवय लागते. म्हणून मुदत कामाच्या स्वरूपानुसार ठरवावी. सार्वजनिक संगणकांसाठी आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी गेटवेवर दोन निराळे मार्ग, दोन निराळ्या नावांच्या खुणा आणि दोन निराळ्या मुदती ठेवता येतात. फेरतपासणी चालू करून तिचा कालावधी खुणेच्या मुदतीपेक्षा कमी ठेवावा, म्हणजे दोन्ही घड्याळे एकमेकांशी मेळ राखतील.

बाहेर पडण्याच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. ‘बाहेर पडा’ हे बटण दाबल्यावर पुष्कळदा फक्त फाटकाची खूण पुसली जाते, ओळख देणाऱ्या यंत्रणेकडील प्रवेश तसाच राहतो. मग पुन्हा ‘प्रवेश करा’ म्हणताच, काहीही न विचारता, आधीच्याच माणसाच्या नावाने दार उघडते. म्हणून हे बटण दोन्ही ठिकाणचा प्रवेश संपविणारे असावे, अशी योजना मुद्दाम करावी लागते.

आणखी तीन गोष्टी अधिकाऱ्यांनी तंत्रज्ञांकडून खात्रीने करवून घ्याव्यात. पहिली, ओळख पटल्यावर नागरिकाला परत ज्या पत्त्यावर पाठवावयाचे, तो पत्ता पूर्ण व नेमका नोंदवावा. ढोबळ नोंद ठेवल्यास पास भलत्याच ठिकाणी पोचू शकतो. दुसरी, ‘हा शिक्षक आहे’, ‘हा अधिकारी आहे’ अशी चिठ्ठी फाटक आतल्या सेवेला देते. बाहेरून कोणी तशीच चिठ्ठी स्वतः लिहून आणली, तर ती फाटकावरच काढून घेतली पाहिजे. तिसरी, चूक झाल्यास दिसणारी सूचना नागरिकाच्या भाषेत असावी. ‘आपली मुदत संपली आहे, कृपया पुन्हा प्रवेश करा’ एवढे साधे वाक्य वाचावयास मिळाले, तर माणूस घाबरून दलालाकडे जात नाही.

या मुदती कोणी ठरवावयाच्या, हा खरा प्रश्न आहे. साधन बनविणाऱ्याने जगातील सर्वांसाठी एक आकडा घालून दिलेला असतो. आपल्या सेवाकेंद्रातील रांग त्याने पाहिलेली नसते. तंत्रज्ञ आकडा बदलू शकतो, परंतु कोणता आकडा योग्य हे ठरविणे प्रशासनाचे काम आहे. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या सेवांची मुदत लेखी आदेशाने निश्चित करावी, आणि गेटवेची सुधारित आवृत्ती आली की त्या आदेशाप्रमाणे नोंदी कायम आहेत की नाहीत, हे तपासून पाहावे.

ग्रामस्थांनी व शिक्षकांनीही एक सोपी परीक्षा करून पाहावी. काम झाल्यावर ‘बाहेर पडा’ हे बटण दाबावे, आणि लगेच पुन्हा ‘प्रवेश करा’ म्हणावे. परवलीचा शब्द किंवा अंक विचारला गेला, तर दार नीट लागले असे समजावे. विचारला गेला नाही, तर केंद्रचालकास तेथेच सांगावे व विभागाकडे लेखी कळवावे. या परीक्षेस एक मिनिटही लागत नाही, आणि आपल्यानंतर रांगेत असलेल्या प्रत्येकाचे त्यामुळे रक्षण होते.